अँटॉप हिलच्या परिसरातील बेघर आणि त्यांचे वाली

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे वर्णन आहे. तिथे माणसाची पारख त्याच्या पूजाअर्चेवरून होत नाही. भुकेल्याला त्याने जेवू घातले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, एवढेच पाहिले जाते. या वर्णनातून सहा दयाकृत्ये निघाली. बेवारस मृताला मूठमाती देणे हे सातवे कृत्य पुढे त्यांना जोडले गेले. पोर्तुगिजांबरोबर ही यादी कोकणात आली ती मिझेरिकॉर्दिया या बंधुसंघाच्या रूपाने. हा संघ पाद्रींचा नव्हता. गावातील प्रतिष्ठित गृहस्थ तो चालवत. गोव्यात आणि वसईत त्याच्या शाखा होत्या, आणि अनाथ, विधवा, कैदी व निराधार यांची सोय पाहणे हे त्यांचे काम असे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथला हा कारभार आटोपला. मुंबई बेटावर मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्कनांनी उभी केलेली दादर आणि शीव येथील चर्चे टिकून राहिली, आणि त्यांच्याभोवतीची छोटी कॅथलिक गावेही.

अँटॉप हिल ही या शीव चर्चच्या दक्षिणेकडची टेकडी. पश्चिमेला माटुंगा, दक्षिणेला वडाळा, उत्तरेला शीव कोळीवाडा आणि पूर्वेला खाडीकडे उतरत जाणारी मिठागरे. टेकडीवर शेख मिस्री यांचा जुना दर्गा आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा भाग म्हणजे शहराची पाठ होती. शहराला जे नजरेआड हवे असे, ते इकडे येई. बेघरांच्या सेवेचा मध्य मुंबईतील इतिहास या एका गोष्टीशी शेवटपर्यंत बांधलेला आहे.

शहर वाढले तसे रस्त्यावर राहणारेही वाढले. दुष्काळाने हुसकलेले कुणबी, गोदीवर काम शोधणारे हमाल, जहाजावरून उतरून परत न गेलेले खलाशी, आणि रोगामुळे घराबाहेर काढलेले लोक. यांपैकी सरकारचे लक्ष पहिल्यांदा गेले ते गोऱ्या भटक्यांकडे. नोकरी सुटलेला युरोपियन सैनिक किंवा खलाशी बाजारात भीक मागताना दिसला की राज्यकर्त्यांची अब्रू जाई. म्हणून १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७४ मध्ये युरोपियन भटक्यांसाठी स्वतंत्र कायदे झाले. त्यांना कामगृहात ठेवून पुढे मायदेशी पाठवण्याची व्यवस्था त्यांत होती. देशी निराधारांसाठी असा कायदा नव्हता. त्यांना आधार होता तो दानशूर शेठजींचा. जमशेटजी जीजीभाईंच्या नावाची बेलासिस रोडवरची धर्मशाळा हा त्यांतला मोठा आसरा. तिथे वृद्ध, अपंग आणि महारोगी एकाच छपराखाली राहत.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबई बंदरात एक अगदी नवा ख्रिस्ती पंथ उतरला. लंडनच्या पूर्व भागातील दारिद्र्यात विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या मिशनला १८७८ मध्ये ‘सॅल्व्हेशन आर्मी’ हे नाव मिळाले होते. मराठीत ती मुक्तिफौज झाली. तिचे पहिले पथक चौघांचे. प्रमुख फ्रेडरिक टकर हे भारतीय सनदी नोकरीचा राजीनामा देऊन आलेले. फौज येणार म्हणून पोलीस बंदरावर सज्ज होते. बाकीचे सैन्य कधी उतरणार असे त्यांनी विचारले, तेव्हा ‘आम्ही आहोत तेवढेच’ असे उत्तर मिळाले, ही गोष्ट मुक्तिफौजेच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते. टकर यांनी फकीर सिंग हे नाव घेतले. त्यांचे सहकारी भगवे कपडे घालून अनवाणी फिरत आणि खेड्यांतून भिक्षापात्रही हाती धरत. गोऱ्या साहेबाने हे करावे, हेच मुंबईच्या अधिकाऱ्यांना खटकले. वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल फौजेवर खटले झाले आणि १८८३ मध्ये टकर यांना महिन्याभराची कैद झाली. ब्राह्मोसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांची बाजू उघडपणे घेतली.

मुक्तिफौजेची मूल्ये साधी होती आणि तिच्या संघटनेत ती उतरली होती. दारू वर्ज्य. बायकांना पुरुषांइतकाच अधिकार. पहिल्या चौघांत एक स्त्री होती. आणि आधी पोट, मग प्रवचन. १८९० मध्ये बूथ यांचे इंग्लंडमधील गरिबीवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्याला पुरवणी म्हणून टकर यांनी हिंदुस्थानातील गरिबीवर पुस्तक लिहिले आणि मुंबईतच छापले. स्वस्त अन्नाची केंद्रे, बेकारांना काम मिळवून देणारी कचेरी, घरोघरचे उरलेले अन्न आणि टाकाऊ वस्तू गोळा करणाऱ्या टोळ्या, भिकाऱ्यांची शिस्तबद्ध पुनर्रचना, शहरातून हलवलेल्यांसाठी शेतीच्या वसाहती अशी मोठी योजना त्यात आहे. आज ती वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. गरिबाला कामाचा हक्क आहे, हे तिने त्या काळाच्या मानाने फार ठामपणे मांडले. आणि त्याच वेळी गरिबाला रांगेत उभे करण्याचा तिला भारी सोस होता. हा सोस पुढे महागात पडला. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सक्तीच्या वसाहती चालवण्याचे सरकारी काम मुक्तिफौजेने विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाब, संयुक्त प्रांत आणि मद्रास इलाख्यात पत्करले, आणि सेवा व पहारा यांतली रेघ पुसली गेली. मुंबईत मात्र तिचे काम अधिक निरुपद्रवी राहिले. भायखळ्याचे किंग एडवर्ड होम हे त्याचे ठळक उदाहरण. निराधार पुरुषांना झोपायला जागा आणि हाताला काही काम, एवढेच त्याचे स्वरूप.

मुक्तिफौज भायखळ्याच्या बाजूला रुजत असताना अँटॉप हिलच्या जवळ घडलेली गोष्ट वेगळीच होती. तिच्या नावातच बेघर हा शब्द होता: ‘होमलेस लेपर असायलम’.

महारोग किंवा रक्तपिती या नावांनी ओळखला जाणारा रोग झालेल्याला कुटुंब सोडावे लागे आणि पोटासाठी शहराकडे यावे लागे. मुंबईच्या रस्त्यांवर असे शेकडो लोक होते. या रोगाचा शास्त्रीय अभ्यास मुंबईत ज्यांनी नेटाने केला, ते डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्याच कारणाने परिचित आहेत. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या १८५८ च्या ग्रंथातील चित्रे त्यांची. हे कार्टर सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला, आणि कार्टर त्याच सुमारास तिथे जाऊन ते काम पाहून आले. रोग्यांसाठी स्वतंत्र वसतिस्थाने हवीत, असे ते सरकारला सांगत राहिले. सरकारने ते फारसे मनावर घेतले नाही.

मग १५ एप्रिल १८८९ रोजी हवाई बेटांतील मोलोकाई येथे फादर डेमियन वारले. कुष्ठरोग्यांमध्ये सोळा वर्षे राहिलेला हा बेल्जियन पाद्री त्याच रोगाने गेला, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली. तिचे परिणाम दोन टोकांचे होते. भाविकांना सेवेची प्रेरणा मिळाली. सुखवस्तू नागरिकांना मात्र रोग आपल्यालाही होईल ही भीती बसली. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय निधी जमा झाला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात चौकशीला आला. मुंबईत तोवर नागरिकांचा दबाव इतका वाढला होता की आयोगाच्या अहवालाची वाट पाहायला कोणी थांबले नाही.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर तेव्हा हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ होते. मराठी वाचकांना त्यांची एक ओळख आधीपासून असायला हवी: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि अनेक पोवाडे त्यामुळेच वाचले. गोंधळ्यांकडून पोवाडे उतरवून घेणारा हाच अधिकारी रस्त्यावरच्या महारोग्यांसाठी वर्गणी मागत फिरला. सर दिनशा पेटिट यांनी लाखाची देणगी देऊ केली, इतर नागरिकांनी हातभार लावला, आणि नोव्हेंबर १८९० मध्ये माटुंग्याच्या पूर्वेला, आज जो भाग वडाळ्यात मोडतो तिथे, आश्रम सुरू झाला.

मिरज किंवा कोंढवा येथील कुष्ठरोग्यांच्या संस्था मिशनऱ्यांच्या होत्या. त्यांना १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिशन टू लेपर्स’चे साहाय्य असे. माटुंग्याचा आश्रम तसा नव्हता. पैसा पारशी, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती दात्यांचा, व्यवस्था पालिकेच्या आधाराने. आवारात मंदिर, मशीद आणि कॅथलिक प्रार्थनामंदिर अशी तिन्ही स्थाने होती. चर्चचा वाटा इथे मालकाचा नव्हता. आत राहणाऱ्या ख्रिस्ती रोग्याला त्याच्या पंथाप्रमाणे प्रार्थना करता यावी आणि मेल्यावर त्याच्या रीतीने माती मिळावी, एवढी सोय चर्च पाहत असे. बेघर माणसाला आपला धर्म बरोबर आणता येईल अशी जागा, हे त्या काळात थोडे नव्हते. कारण इतरत्र बहुतेक आश्रमांत निवारा मिळवायचा तर संस्थेच्या प्रार्थनेला बसावे लागे.

आश्रमाची एक बाजू तर जगाच्या तंत्रेतिहासात नोंदलेली आहे. इथल्या सांडपाण्याचे काय करायचे हा प्रश्न होता. पालिकेची गटारे एवढ्या लांब पोचलेली नव्हती. १८९७ च्या सुमारास आवारात बंद टाक्या बांधल्या गेल्या. पालिकेचे जलनिःसारण अभियंता सी. सी. जेम्स यांनी त्यांवर प्रयोग केले. मैला टाकीत कुजे, वर साठणारा वायू नळीने नेऊन दिवे पेटवले जात, स्वयंपाकाला वापरला जाई आणि इंजिनही चालवले जाई. टाकीतून बाहेर पडणारे पाणी आवारातल्या शेताला सोडत. खेड्यापाड्यांतला गोबर गॅस यायला अजून निम्मे शतक होते. परदेशी पुस्तकांत मुंबईच्या कुष्ठाश्रमातील हा प्रयोग १८५९ चा म्हणून सांगितलेला सर्रास आढळतो. ते साल साफ चुकीचे आहे, कारण आश्रमच १८९० चा. शहराने ज्यांना अमंगळ म्हणून बाहेर काढले, त्यांच्या मैल्यावर शहराच्या अभियंत्यांनी स्वच्छतेचे शास्त्र शिकावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

तरीही आश्रमाचे दार दोन्ही बाजूंनी सारखे उघडत नसे. १८९०-९१ च्या आयोगाने रोगाचा संसर्ग फारसा प्रबळ नाही, सक्तीच्या विलगीकरणाला आधार नाही, असे म्हटले होते. तरी १८९८ मध्ये महारोग्यांचा कायदा झाला. तो सर्व रोग्यांना लागू नव्हता. ज्याला उदरनिर्वाहाचे साधन नाही, जो उघड्यावर भीक मागतो, त्याला पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार या कायद्याने दिला. श्रीमंत रोगी घरीच राहिला. म्हणजे शिक्षा रोगाची नव्हती, बेघरपणाची होती. ॲकवर्थ यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण रोग्याची दया आणि रस्ता मोकळा करण्याची घाई या दोन्ही गोष्टी त्यांच्या आश्रमात पहिल्या दिवसापासून एकत्र नांदत होत्या. आश्रमाला पुढे त्यांचेच नाव मिळाले, आणि आजही वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्याच नावाने उभे आहे. तिथे आता या रोगाच्या इतिहासाचे संग्रहालयही आहे.

बेघर स्त्रियांचा प्रश्न याच वर्षांत निराळ्या वाटेने पुढे आला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. १८९६ नंतरच्या दुष्काळांत घरातून टाकलेल्या बायका आणि मुली त्यांनी केडगावला आणल्या आणि मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंच्या संस्थेत बायका बाहेरून आलेल्या मदतीवर बसून नव्हत्या. छापखाना, विणकाम, शेती, स्वयंपाक सगळे त्याच करत. मराठी ख्रिस्ती समाजातील दुसरा प्रयोग नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक वारल्यावर तो टिकला नाही. पण चर्चची ओळख सभासदांच्या यादीवरून न होता बंधुभावाच्या वागणुकीवरून व्हावी, हा त्यामागचा विचार मुंबईत लवकरच वेगळ्या रूपात दिसला.

तो दिसला नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन मराठी मिशनचे तरुण पाद्री १९२५ मध्ये मुंबईत आले. १९२७ मध्ये मिशनने नागपाडा नेबरहूड हाऊस उघडले. गिरणी आणि गोदीच्या कामगारांची, यहुदी-मुसलमान-हिंदू-ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती; खोलीत माणसे मावत नसल्याने रात्री फुटपाथवर पथाऱ्या पसरायच्या. मॅन्शार्ड यांनी तिथे दवाखाना, बालवाडी, खेळाचे मैदान, वाचनालय आणि व्याख्याने सुरू केली आणि धर्मांतराचा कार्यक्रम मुद्दाम बाजूला ठेवला. यावरून मिशनच्या मायदेशातील पाठिराख्यांत कुरबुर होणे साहजिक होते. पण त्यामुळेच नागपाड्याचे घर सर्वांचे झाले. स्वयंसेवकाला नुसता कळवळा पुरत नाही, वस्तीची पाहणी करता आली पाहिजे, हिशेब ठेवता आला पाहिजे, असे त्यांचे मत होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते उचलून धरले आणि १९३६ मध्ये याच नागपाड्याच्या इमारतीत समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. पहिले संचालक मॅन्शार्ड. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. देशातल्या समाजकार्याच्या शिक्षणाचा उगम असा एका चर्चच्या वस्तीकामात आहे.

फाळणीनंतर अँटॉप हिलची शीव कोळीवाड्याकडची बाजू बदलली. लष्करी बराकींत पंजाबी निर्वासित आले. त्यांची वसाहत आज गुरू तेग बहादूर नगर म्हणून ओळखली जाते. टेकडीच्या आसपास केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या इमारतींचे सेक्टर उभे राहिले, खालच्या बाजूला तमिळ, उत्तर भारतीय आणि मराठी कष्टकऱ्यांच्या झोपडपट्ट्या, आणि प्रतीक्षानगरात पडक्या चाळींतून हलवलेल्यांची संक्रमण शिबिरे. निर्वासिताला सरकारने बेघर मानले आणि घर दिले. फुटपाथवर झोपणाऱ्याला मात्र १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गुन्हेगार मानले. भीक मागताना किंवा साधनहीन अवस्थेत भटकताना सापडलेल्याला चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात धाडता येई. १८९८ चीच ही नवी आवृत्ती, फक्त रोगाची अट गेलेली.

या कायद्याच्या छायेत चर्चचे काम पुन्हा दोन दिशांनी वाढले. एक दिशा रस्त्यावर मरायला टेकलेल्यांची. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने १९७० च्या दशकात भायखळ्याला आशादान सुरू केले. जागा हिंदुस्थान लिव्हरने दिली. वृद्ध, मतिमंद, टाकून दिलेली अर्भके यांना तिथे कायमचा आसरा मिळतो. पॅरिशमधले तरुण, शाळकरी मुले, परदेशी पाहुणे तिथे जाऊन कपडे धुतात, जेवण भरवतात. भांडे घासणे आणि अंग पुसणे हीच तिथली स्वयंसेवा, आणि त्यात शिकण्यासारखे बरेच असते. मात्र माणूस रस्त्यावर का आला, या प्रश्नात ही संस्था पडत नाही. हे तिचे बळही आहे आणि मर्यादाही.

दुसरी दिशा रस्त्यावरच्या मुलांची, आणि ती पुन्हा अँटॉप हिलच्या शेजारी येते. रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांसाठी जेझुइटांनी १९६२ मध्ये स्नेहसदन सुरू केले होते. १९८७ मध्ये सेलेशियन पाद्रींनी वडाळ्यात ‘शेल्टर डॉन बॉस्को’ उघडले. डॉन बॉस्को यांनी एकोणिसाव्या शतकात तुरीन शहरात गवंडीकाम करणाऱ्या, तुरुंगातून सुटलेल्या पोरांना गोळा केले होते. धाक न दाखवता समजूत, श्रद्धा आणि माया यांनी मूल वाढवायचे, ही त्यांची पद्धत. वडाळ्यात ती हार्बर मार्गाच्या फलाटांवर लागू झाली. कार्यकर्ता आधी मुलाच्या जागी जातो, ओळख करतो. मुलाला हवे तेव्हा ते आश्रयस्थानी येते, आंघोळ करते, जेवते, झोपते आणि वाटल्यास परत जाते. माटुंग्याच्या जुन्या आश्रमाशी तुलना केली तर फरक या शेवटच्या मुद्द्यात आहे. इथे दार आतून बंद नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, तेव्हा नागपाड्याची आणि स्थानकांवरच्या कामाची अशा दोन्ही परंपरा एका ठिकाणी आल्या.

नागपाड्याच्या घराची आणखी एक फांदी १९८४ मध्ये फुटली. तिथे काम केलेल्या शीला पटेल यांनी काही सहकाऱ्यांसह ‘स्पार्क’ ही संस्था काढली आणि भायखळ्याच्या फुटपाथवरील बायकांबरोबर काम सुरू केले. या संस्थेला धर्माचे नाव नाही. १९८१ मध्ये फुटपाथवासीयांना शहराबाहेर घालवण्याची मोहीम सरकारने काढली होती. त्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे ठरवले. हटवण्याचा पालिकेचा अधिकार मात्र नोटिशीच्या अटीवर कायम ठेवला. याच वर्षी स्पार्कने फुटपाथवरच्या कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. ती करणाऱ्यांत खुद्द तिथे राहणाऱ्या बायका होत्या. मदत घेणारा आणि मदत करणारा हा भेद इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पुसट झाला.

कायदे हळूहळू सैल होत गेले. १८९८ चा महारोग्यांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९५९ च्या भिक्षा कायद्यातील शिक्षेची कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्द केली. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था तो आकडा अपुरा मानतात. दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडे असणारे एक आश्रयस्थान हवे, असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. सव्वा कोटीच्या मुंबईला त्या हिशेबाने सव्वाशे आश्रयस्थाने लागतात. शहरात त्यांतली थोडीच उभी राहिली आहेत.